भिंगरीचा पाय

तिला एका जागी बसवायचं म्हणजे पारा चिमटीत धरायचा. शाळेत, जेवताना, अगदी झोपेतसुद्धा तिचा उजवा पाय आपला चालूच. टक टक टक टक. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारायचे, तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का. आई घरीच शिवणकाम करायची. ती मशीनवरून मानसुद्धा वर न करता म्हणायची, "सुतार नाही हो, माझी मुलगी आहे. माझ्या मशीनला पायडल आहे, हिला नाही, तरी हीच जास्त चालते." पायाला भिंगरी, म्हणून नावच भिंगरी पडलं. आणि ते असं चिकटलं की पुढे ती अख्ख्या ऑर्केस्ट्रासमोर छडी घेऊन उभी राहिली ना, तेव्हाही मागून कुणीतरी हळूच म्हणालंच, चला, भिंगरी फिरायला लागली.

संगीतशाळेत तिला घातलं ते कलेच्या ओढीने वगैरे अजिबात नाही. शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं होतं की संगीताने मुलं शांत होतात. आई म्हणाली, मग हिला दोन डोस लागतील. पण एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर संपवता संपवता आईला उशीर झाला आणि त्या दोघी पोचल्या तोवर सगळी व्हायोलिनं वाटून झाली होती, बासऱ्या संपल्या होत्या, पियानोसाठी तर ही रांग. कोपऱ्यात एक डबल बेस तेवढा उरला होता. डबल बेस म्हणजे व्हायोलिनचा आजोबा. माणसापेक्षा उंच, पोटाला भेग गेलेली, खांद्यावर धूळ. मास्तरांनी भिंगरीकडे बघितलं. ती तेवढ्यात खुर्चीवरून तीनदा उठून बसली होती.

"बसवत नाही का हिला?"

"जन्मापासून," आई म्हणाली.

"मग हे घ्या. हे उभं राहून वाजवतात."

एवढ्यावर तिचं आयुष्य ठरलं. तिने गज, म्हणजे ती घोड्याच्या केसांची काठी, सगळ्यात जाड तारेवर ओढला. आवाज काही फार सुंदर आला नाही, म्हैस रेकल्यासारखाच आला. पण तो आवाज लाकडातून खाली जमिनीत उतरला, जमिनीतून तिच्या तळव्यात चढला, आणि तो सूर संपेपर्यंत तिचा उजवा पाय गप्प उभा राहिला. आईने ते बघितलं. ती मास्तरांना फक्त एवढंच म्हणाली, "हे घरी न्यायला देता का?"

तिसरा मजला, लिफ्ट नाही. मायलेकींनी ते धूड वर चढवलं. दर जिन्यावर कुणी ना कुणी विचारलंच, नवं कपाट घेतलं वाटतं.

पुढची वर्षं धावतच गेली, आणि ती धावली नसती तरच नवल. शाळा, कॉलेज, लग्नाच्या हॉलमधली वाजवणी, नाटकाच्या रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून वाजवणी, आणि मग एकदाची शहराच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात जागा. सहा डबल बेस, उजव्या हाताला, पार मागे, भिंतीजवळ. दोघांत एक स्टँड, त्यावर पानं. आणि तिच्या स्टँडवर तिचा जोडीदार होता मामा.

मामा कुणाचा सख्खा मामा होता कुणास ठाऊक, पण अख्खा ऑर्केस्ट्रा त्याला मामाच म्हणायचा. रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. बायको गेलेली, मुलगा परदेशात. बोलायचा कमी, आणि बोलला तर खवचट. बेसवाल्यांना उंच स्टूल असतं, धड बसलेलं नाही धड उभं नाही, म्हणजे भिंगरीसाठी खास बनवल्यासारखंच. पण पहिल्याच तालमीत तिचा पाय सुरू झाला. टक टक टक टक. पुढच्या रांगेतल्या माना वळायला लागल्या. मामा वाजवतच होता. त्याने समोरून नजरसुद्धा हलवली नाही, फक्त आपला डावा बूट उचलला आणि तिच्या उजव्या बुटावर ठेवला. अलगद, पण ठाम.

तालीम संपल्यावर ती ओशाळून म्हणाली, "सॉरी मामा. सवय आहे."

"असू दे. माझी बायको घोरायची. मला लय असली की बरं वाटतं. फक्त त्या छडीवाल्या साहेबांना कळू देऊ नको."

तेव्हापासून ते तसंच चालू राहिलं. तिचा पाय सुटला की मामाचा बूट यायचा. कधी तो विसरला तर हीच मुद्दाम जोरात आपटायची. बेसवाल्यांना वाजवायला कमी आणि थांबायला जास्त असतं. बाकीचे गात असतात आणि तुम्ही आपले आवर्तनं मोजत बसता. चुकून एक जरी जास्त मोजलंत तर शांततेत एकटेच भसकन घुसता आणि मग महिनाभर लोक तुमचं नाव काढतात. दोघं मिळून मोजायचे. मामा बेसच्या खांद्यावर बोटं उघडायचा मिटायचा. मोजता मोजता कुजबुजत गप्पा मारायचा, आणि तरी त्याचं मोजणं कधी चुकलं नाही.

कधी म्हणजे, बरीच वर्षं.

मग एका तालमीत तो चुकला. फार नाही, एक श्वासभर उशिरा आला. भिंगरीला वाटलं, होतं कुणाचंही. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग तिच्या लक्षात आलं की हल्ली तो गप्पाच मारत नाही. ती कुजबुजली तर नुसता हसतो. आणि हसतो तेही भलत्या ठिकाणी. तिने एकदा मुद्दाम हळू आवाजात म्हटलं, "मामा, तुमच्या मिशीला पोळीचा तुकडा लागलाय," तर तो म्हणाला, "हो ना, आज गारठाच आहे."

त्या दिवशी मोजताना चुकली ती भिंगरी.

या धंद्यात कान गेला की जागा गेली. गुडघे गेले तर चालतं, केस गेले तर चालतं, अक्कल गेली तर वरच्या पदावर पाठवतात, पण कान गेला की संपलं. आणि मामाकडे त्या स्टुलाशिवाय होतं काय? दोन खोल्या आणि परदेशातला फोन. त्याने विषय काढला असता तर ती बोलली असती. पण त्याने ताकास तूर लागू दिला नाही, आणि हिची जीभ रेटली नाही. एरवी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध असलेली ही बाई इथे मात्र मुकी झाली. तिने काय केलं, तर पाय वापरला. आत यायची वेळ झाली की एक क्षण आधी ती आपला बूट मामाच्या बुटावर दाबायची. तो आत यायचा. बरोब्बर. आता तिचा बूट वर आणि मामाचा खाली, आणि दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

हे असंच चाललं असतं. पण साहेबांचा खांदा आखडला.

साहेब म्हणजे ऑर्केस्ट्राचे कंडक्टर. खांद्यामुळे त्यांचा हात छातीच्या वर जाईना. सुताराचा हातोडाच गेला तर काय उरलं. भिंगरीला भलतीच खोड होती, तिला सगळ्यांच्या भागात नाक खुपसायचं असायचं. स्वतःचं मोजून झालं की बासरीवाल्यांचं काय चाललंय, हॉर्नवाले का धापा टाकतायत, ही सगळी पानं घरी आणून वाचायची. मागून ओरडून सांगायचीसुद्धा. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "एवढं कळतंय तर पुढे येऊन कर." त्यांना वाटलं ती लाजेल. ती स्टुलावरून उतरलीसुद्धा होती.

त्या दिवशी तिने जे केलं ते बघून सगळे गालातल्या गालात हसले. तिने हात खाली आणला आणि आवाजाची वाट बघितली. वादक तिची वाट बघत होते, ती वादकांची. दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत राहिले आणि ती सुंदर धून म्हाताऱ्या बैलगाडीसारखी कुरकुरत थांबली. साहेब म्हणाले, "तू अजून वादकच आहेस. ऐकतेस आणि मग हात हलवतेस. उलटं आहे ते. हात आधी जातो, आवाज मागून येतो. मधल्या वेळात तुझ्या हातात काहीच नसतं. ते सहन करायला शिक."

तेच तर तिला जमत नव्हतं. मधला वेळ. पण ती शिकली. साहेबांच्या घरी जाऊन, आरशासमोर, आईच्या शिवणयंत्राच्या ठेक्यावर. शाळेतल्या मुलांसाठीचे कार्यक्रम केले, बागेतले केले, कुणी आजारी पडला तर दुसऱ्या गावचेही केले. इमारतीतल्या लोकांनी "कंडक्टर झालीस म्हणे, आम्हाला सुट्टे देशील ना" हा विनोद इतक्यांदा केला की शेवटी शेवटी तीच आधी हसून मोकळी व्हायची. आणि तिला कळलं की पोडियमवर, म्हणजे कंडक्टरच्या चौथऱ्यावर, उभं राहिलं की तिचा पाय थांबतो. सगळी चुळबूळ हातात जाते. लहानपणी त्या जाड तारेने जे केलं होतं ना, तेच.

साहेब निवृत्त झाले त्या कार्यक्रमात एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कार्यक्रम संपला की कंडक्टर दोन्ही हात वर करून वादकांना उभं करतो, म्हणजे टाळ्या सगळ्यांना मिळाव्यात. हे रोजचंच. पण साहेबांनी हात वर केले आणि कुणीच उठलं नाही. व्हायोलिनवाले बसल्या जागी गजाने स्टँड टकटकवत राहिले, बाकीचे पाय घासत राहिले. साहेबांनी पुन्हा हात वर केले. पुन्हा कुणी उठलं नाही. हा या लोकांचा रिवाज. ज्याच्यावर जीव जडला त्याच्यासाठी ते उठत नाहीत, म्हणजे सगळ्या टाळ्या त्याला एकट्याला. प्रत्येकासाठी असं करत नाहीत. कित्येकांचा जन्म जातो आणि सगळे आपले शहाण्यासारखे उभे राहतात.

भिंगरी तेव्हा मामाच्या बाजूला बसली होती. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांचे हात बघून तो एकटाच उठायला निघाला होता, तिने पाय दाबून त्याला बसवलं होतं.

मग मॅनेजरने तिला बोलावलं. मॅनेजर म्हणजे सतत टाय सैल करणारा, कुणालाच नाही म्हणता न येणारा माणूस. म्हणाला, "मॅडम, एक मोसम तुमचा. शेवटच्या कार्यक्रमानंतर ठरवू. नाहीतर बाहेरचे एक गृहस्थ आहेत, ते टपूनच आहेत. मी काय, मला संगीतातलं काय कळतं, मी वादकांच्या तोंडाकडे बघणार."

"आणि माझी बेसची जागा?"

"ती भरावी लागेल ना. एक पाय इथे एक पाय तिथे, असं कसं चालेल?"

मामाच्या शेजारी दुसऱ्या गावाहून एक जाडजूड बेसवाला आला. सज्जन होता, वाजवायचाही छान, पण त्याचे पाय जागच्या जागी असायचे.

आणि भिंगरीचा जीव टांगणीला लागला. कारण आता तिचा बूट मामाच्या बुटापासून पार वीस पावलांवर, मध्ये व्हायोलाचा अख्खा जथ्था. मग ती काय करणार? ती वळायला लागली. बेस आत यायच्या आधी ती सगळं अंग उजवीकडे वळवायची, डोळे मामावर, हात मामाकडे, भुवया मामाकडे. हनुवटीने मोजून द्यायची. मामाचे डोळे तिच्यावर खिळलेले. तो यायचा. ती सुटकेचा श्वास टाकायची. तेवढ्यात डावीकडे कुणीतरी गडबडलेलं असायचं.

लोकांना वाटलं, बाईला जुन्या वाद्याचा कढ येतो. आधी थट्टा झाली. "माहेरची ओढ," बासरीवाला म्हणाला. मग थट्टा संपली. पहिली व्हायोलिनवाली, म्हणजे डाव्या हाताला पहिल्या खुर्चीवर बसते ती, सगळे तंतुवादक तिच्याकडे बघून वाजवतात आणि ती उठली की सगळे उठतात, ती बाई तिखट होती. चष्मा नाकावर, जीभ दुधारी. शेवटच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीच्या तालमीत तिने गज खाली ठेवला.

त्या मोसमाच्या शेवटच्या कार्यक्रमात एक लांबलचक सिंफनी होती आणि तिच्या शेवटच्या भागात एक जागा होती. सगळं उसळत उसळत वर जातं आणि एकदम थांबतं. पूर्ण शांतता. मग त्या शांततेतून एकाच वेळी दोघं जण येतात, उजवीकडून बेस, अगदी हळू, आणि डावीकडून हॉर्न. भिंगरी शांततेत उजवीकडे वळली. बेस आले. हॉर्न आले नाहीत. बिचारे तिच्या पाठीकडे बघत ओठ लावून बसले होते.

"तुझी पाठ बघून वाजवायचं का आम्ही?" पहिली व्हायोलिनवाली म्हणाली. "आईने कोट छान शिवलाय, पण त्यावर ताल लिहिलेला नाहीये."

हशा झाला. भिंगरी हसली नाही.

"बेसना मदत लागते तिथे. अवघड जागा आहे."

"सहा जण आहेत ते. हॉर्न चार. आणि हॉर्नची जागा जास्त अवघड, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." ती थोडी थांबली. चष्म्यावरून बघत राहिली, जणू काही भिंगरी आणखी काही बोलेल म्हणून. "नाही? बरं. मग तुझं तू बघ."

मॅनेजर दारात उभा राहून टाय सैल करत होता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. उजवीकडे बघितलं तर जागा हातची जाते आणि ते बाहेरचे गृहस्थ येतात. नाही बघितलं तर त्या भयाण शांततेत मामा एकटाच चुकीच्या जागी घुसतो, भरल्या सभागृहासमोर, आणि मग सगळ्यांनाच कळतं. ती रात्रभर कुशीवर कुशी बदलत राहिली आणि सकाळ होताच, चपला उलट्यासुलट्या घालून, मामाच्या घरी गेली. आज बोलायचंच. तोंडावर.

बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग लक्षात आलं आणि तिने दार ढकललं, ते उघडंच होतं. मामा खिडकीपाशी गजाच्या केसांना राळ लावत बसला होता. मोजे घातलेले, बूट नाहीत. त्याने तिला बघितलं आणि दचकला नाही.

"चहा ठेव," तो म्हणाला. "मलाही."

तिने चहा ठेवला, ओट्याशी उभं राहून वाक्यं जुळवली, मोडली, परत जुळवली. चहा उतू गेला. पुसला. उरलेला दोन कपांत ओतला. आणि समोर बसून ती जे बोलली ते असं, "मामा, राळ कुठून आणता हल्ली?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता. सांगितलं त्याने, कुठून आणतो ते. तिचा पाय टेबलाखाली सुरू झाला होता, कपातला चहा हलत होता. मामाने कपाकडे बघितलं.

"भिंगरे, उद्या माझ्याकडे बघू नकोस."

"मी कुठे..."

"तुझं काम सगळीकडे आहे. मी माझं बघतो." आणि मग नेहमीच्या खवचट सुरात, "एवढी टक लावून तर माझ्या बायकोनेही बघितलं नव्हतं."

ती बाहेर पडली आणि रस्त्यात तिला स्वतःचा असा राग आला की तिने विजेच्या खांबाला लाथ मारली. खांबाचं काही बिघडलं नाही. अंगठा मात्र सुजला.

कार्यक्रमाच्या दिवशी आईने तिला ग्रीन रूममध्ये स्टुलावर उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरून कोटाच्या बगला पुन्हा तपासल्या. गेल्या वेळी हात वर केले आणि पाठीची शिवण टर्रकन उसवली होती. आता तिथे चुण्या घातल्या होत्या, म्हणजे हात कितीही उडवा.

"हलू नकोस. टोचेल."

"टोचू दे."

"काय झालंय तुला? चेहरा बघ, परीक्षेला चालल्यासारखा."

"परीक्षाच आहे. आई, एखाद्याला एखादी गोष्ट सांगितली तर त्याचं सगळं जाईल, आणि नाही सांगितली तर..."

"तर त्याचं जायचं ते जाईलच," आई टाचणी काढत म्हणाली. "फक्त सोबत कुणी नसेल. दुसरा हात वर कर."

सभागृह भरलं होतं. पहिले तीन भाग कसे गेले ते तिलाही नीट आठवत नाही. हात आपोआप चालत होते. मग तो शेवटचा भाग आला, ती चढण आली, सगळा ऑर्केस्ट्रा उसळत वर गेला आणि तिने हात थांबवले.

शांतता.

मधला वेळ. तिच्या हातात काहीच नाही असा.

उजवा खांदा आपणहून वळायला निघाला होता. तिने त्याला अक्षरशः ओढून आणलं आणि डावीकडे वळली. चार हॉर्नवाले, आठ डोळे, सगळे तिच्यावर. तिने श्वास घेतला, त्यांनी तिच्यासोबत घेतला, हात खाली आला. हॉर्न असे उगवले की सभागृहात कुणीतरी "आह" म्हणालं. आणि त्यांच्याखाली बेस. मऊ, काळेभोर, एकजीव. कुणी उशिरा आलं नाही. कुणी भसकन घुसलं नाही.

पण भिंगरीने कान टवकारले. कारण तो आवाज सहा जणांचा नव्हता, पाचच जणांचा होता. इतकी वर्षं ज्याच्याशेजारी बसून वाजवलं त्याचा जाडसर, थोडा खरखरीत काठ त्या आवाजाला नव्हता. तिने आता बघितलं. मामाचा गज बाकीच्यांबरोबर अगदी सुंदर पुढे मागे होत होता. तारांपासून बोटभर वर. हवेत.

त्याने तिचं काम सोपं केलं होतं.

ती तशीच शेवटपर्यंत गेली. गाल ओले होते, पण पाठ लोकांकडे होती, आणि वादकांना काय, घाम म्हणून खपलं असेल. शेवटचा घाव पडला आणि सभागृह उठलं. टाळ्या, टाळ्या, नुसत्या टाळ्या. तिने मागे वळून मान झुकवली, मग पुन्हा वादकांकडे वळून दोन्ही हात वर केले. उठा.

कुणी उठलं नाही.

पहिली व्हायोलिनवाली मख्ख चेहऱ्याने बसून राहिली आणि तिने गजाने स्टँडवर टक टक केलं. तिच्यामागे सगळे. टक टक टक टक, आणि खाली बुटांची घसघस. साहेबांच्या वेळी होती तशीच. भिंगरी हात खाली घ्यायचंच विसरली. सहाव्या रांगेत आई शेजारणीला म्हणत होती, आणि चांगलं मोठ्याने म्हणत होती, "बघा हो मेल्यांना. पोरगी एवढे हात करतेय, उठवत नाही का यांना?"

आणि तेवढ्यात उजवीकडे, पार मागे, भिंतीजवळ, एक जण उठला.

त्याने फक्त तिचे हात बघितले होते. टकटक त्याला ऐकू आली नव्हती. कंडक्टरने हात वर केले की उठायचं, हे त्याने जन्मभर केलं होतं. मामा स्टुलावरून उतरला, बेस बाजूला सरळ धरला, कोट खाली ओढला, आणि प्रेक्षकांकडे बघून ताठ उभा राहिला. एकटा. अख्खा ऑर्केस्ट्रा बसलेला आणि त्यात एक पांढऱ्या मिशांचा माणूस उभा, हसत.

शेजारच्या जाड्याने त्याची बाही ओढली. त्याने इकडेतिकडे बघितलं. हसू अर्धवट राहिलं.

भिंगरीचे हात हवेतच होते. खाली घ्यावेत तर तो आणखीच उघडा पडेल. वर ठेवावेत तर लोक बघतायत. तिची नजर डावीकडे गेली, पहिल्या खुर्चीकडे. ती बाई चष्म्यावरून थेट मागच्या भिंतीकडे बघत होती. टकटक थांबली. आणि पहिली व्हायोलिनवाली उठली. सावकाश, जणू काही हेच ठरलं होतं. ती उठली म्हणजे सगळे उठले, व्हायोलिनं, व्हायोला, बासऱ्या, हॉर्न, एक लाट उजवीकडे सरकत गेली आणि तिने मामाला आपल्यात घेतलं. आता तो उभ्या असलेल्यांतला एक होता. बस.

"आता उठले," आई म्हणाली. "मी डोळे वटारले ना म्हणून."

पडदा पडल्यावर भिंगरी कुणाच्या हाती लागली नाही. ती खुर्च्या ओलांडत, स्टँड पाडत मागे निघाली होती. वाटेत पहिल्या व्हायोलिनवालीने तिचा दंड धरला.

"तुम्हाला माहीत होतं?" भिंगरीने विचारलं.

"आम्ही काय खातो? कानांवरच पोट भरतं ना आमचं? सगळ्यांना माहीत आहे, कधीपासून. आम्ही वाट बघत होतो तू कधी बोलतेस. परवा तोंडावर आणून दिलं, तरी नाही बोललीस." तिने दंड सोडला. "जा. आणि हळू बोल, ओठ नीट हलव."

मामा बेसला गवसणी घालत होता. वर बघितलं नाही. ती समोर जाऊन उकिडवी बसली, म्हणजे त्याला तिचं तोंड दिसेल.

"मला वाटलं सगळे उठले," तो म्हणाला.

"सगळे बसले होते, मामा." तिने एकेक शब्द सुटा केला. "स्टँड वाजवत होते. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही."

झालं. बोलून झालं. किती वर्षं लागली आणि किती छोटं वाक्य.

मामा गवसणीची चेन लावत राहिला. मग म्हणाला, "तुझा पाय आधी सवयीने यायचा. मग एक दिवस तो वेळेवर यायला लागला. तेव्हाच मला कळलं होतं की तुला कळलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

चेन मध्येच अडकली. तिने गवसणी धरली, त्याने ओढली.

"आज मी वाजवलंच नाही," तो म्हणाला.

"कळलं मला."

"उगाच काहीतरी. त्या गोंधळात?"

"तुमचा आवाज नव्हता त्यात."

मामाने पहिल्यांदा ओठ सोडून तिच्या डोळ्यांत बघितलं. मिशी हलली. "म्हणजे इतके दिवस होता."

तेवढ्यात मॅनेजर आला, टाय हातात घेऊनच. "मॅडम, मी गोंधळलोय. ते आधी बसले होते, मग उठले. म्हणजे मी काय समजायचं?"

"बसलो होतो ते तिच्यासाठी," पहिली व्हायोलिनवाली मागून म्हणाली. "उठलो ते आमच्या घरातलं होतं. त्या बाहेरच्या गृहस्थांना कळवून टाका."

भिंगरीला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण ती उकिडवी बसल्या बसल्या मामाकडेच बघत होती आणि तिचा पाय सुटला होता. टक टक टक टक. मामा हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखा, मॅनेजरला म्हणाला, "पुढच्या मोसमाला माझ्या जागी दुसरा बघा."

"काय?" मॅनेजर म्हणाला.

मामाने त्याच्या ओठांकडे बघितलं. "'काय' हा शब्द आता माझा," तो म्हणाला, आणि डावा बूट उचलून भिंगरीच्या बुटावर ठेवला.